उद्घाटनानंतरचा सर्व्हर

जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारनं स्मार्ट सिटीसाठी निवडलेल्या पहिल्या वीस शहरांची यादी जाहीर केली, तेव्हा सोलापूर त्यात नवव्या क्रमांकावर होतं. ३१ मार्च २०२५ ला ते मिशन संपलं. त्यातून शहराला काय मिळालं यावर सोलापुरात मतांची कमी नाही, आणि तो वाद मी इथे उकरून काढत नाही. माझा प्रश्न त्याहून लहान आहे. गेल्या दहा वर्षांत घरपट्टी, पाणीपट्टी, जन्म-मृत्यूचे दाखले, बांधकाम परवाने, तक्रारी असा बराच कारभार सर्व्हरवर चढला. त्या सर्व्हरची रोजची काळजी कोण घेणार, आणि त्याचे पैसे कुठल्या लेखाशीर्षातून निघणार?

सर्व्हर सांभाळणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. कुठल्या एका कचेरीवर बोट ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. खालचे मुद्दे महापालिकेला लागू आहेत, तसेच पतसंस्थेला, शाळेला, बाजार समितीला आणि देवस्थानालाही.

१. वेबसाइट एकदा बांधून संपत नाही.

निविदा निघते ती ‘संकेतस्थळ विकसित करणे’ या नावानं. काम होतं, बिल निघतं, फीत कापली जाते, फोटो छापून येतो. पुढच्या पाच वर्षांचं त्या निविदेत फारसं काही नसतं. असलंच तर ‘एक वर्ष मोफत देखभाल’ अशी एक ओळ. आणि सगळी गडबड होते ती नेमकी त्या पाच वर्षांतच.

उदाहरण घ्या. देशभरातले असंख्य सरकारी आणि खासगी सर्व्हर सेंटओएस ७ या मोफत प्रणालीवर उभे केले गेले. ३० जून २०२४ ला तिची मुदत संपली. बऱ्याच साइट पीएचपी या संगणकभाषेच्या ज्या ७.४ आवृत्तीवर चालत होत्या, तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबलं. मुदत संपली म्हणून साइट बंद पडत नाही. ती पहिल्यासारखीच दिसते, म्हणून कोणी लक्षही देत नाही. फरक इतकाच की त्या तारखेनंतर जी भोकं सापडतात, ती जगाला कळतात आणि बुजवायला कोणी येत नाही.

दुरुस्ती उपलब्ध असून लावली नाही तर काय होतं, ते अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमानांकन कंपनीनं २०१७ साली पाहिलं. अपाचे स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधल्या भोकाची दुरुस्ती मार्चमध्ये आली होती. ती एका सर्व्हरवर लागली नाही, मे महिन्यात चोर आत शिरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख माणसांची माहिती गेली. इतक्या मोठ्या कंपनीचं घोडं पेंड खातं ते इथे: दुरुस्ती लावणं हे नेमक्या कोणाचं काम, हे ठरलेलं नव्हतं.

म्हणून पहिली मागणी अंदाजपत्रकाची. रस्त्यावरच्या दिव्यांच्या देखभालीला जसं दरवर्षी शीर्ष असतं, तसं सर्व्हरच्या देखभालीला असावं. वेगळं, नावानिशी, आणि नव्या कामाकडे वळवता न येणारं.

२. गर्दी कधी येणार, हे आधीच माहीत असतं.

१६ जुलै २०२१. कोरोनामुळे परीक्षा न होता दहावीचा निकाल लागणार होता. दुपारी एकची वेळ जाहीर झालेली, राज्यभरात पंधरा लाखांवर मुलं. एक वाजला आणि निकालाच्या साइट कोसळल्या त्या कित्येक तास उठल्या नाहीत. पुढे मे २०२५ मध्ये अकरावीचे ऑनलाइन प्रवेश प्रथमच सगळ्या राज्यात लागू झाले. तोवर मुंबई, पुणे, नागपूर अशा मोजक्या शहरांपुरती असलेली ही पद्धत सोलापूरच्या मुलांच्या वाट्यालाही आली, आणि पहिल्याच दिवशी साइट चालेना. नोंदणी पुढे ढकलावी लागली.

अशा वेळी ‘अनपेक्षित प्रतिसादामुळे’ असा खुलासा येतो. मुलांची संख्या मंडळाकडे असते, तारीख आणि वेळ आपणच ठरवलेली असते, मग अनपेक्षित काय राहिलं? सोलापुरातही तेच. मार्चअखेरची घरपट्टी, करसवलतीचा शेवटचा दिवस, आषाढीच्या आधीचे पंढरपूरचे दिवस, जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. या तारखा पंचांगात किंवा परिपत्रकात छापलेल्या असतात.

सर्व्हर का कोसळतो, हे समजायला अवघड नाही. प्रत्येक माणसासाठी पान नव्यानं तयार करायचं ठरवलं, की तेवढ्या वेळापुरती एक प्रक्रिया अडकते. तिला ५० एमबी मेमरी लागते असं धरा. चार जीबीच्या सर्व्हरवर प्रणालीचा आणि डेटाबेसचा वाटा सोडून तीन जीबी उरले, तर एका वेळी साठ माणसं आत. एकसष्टावा दारात थांबतो. थांबलेला माणूस कंटाळून रिफ्रेश दाबतो, म्हणजे रांगेत पुन्हा एकदा उभा राहतो, आणि जुनी मागणीही मागे तशीच चालू असते. दहा मिनिटांत साठ जागांसाठी सहा हजार मागण्या होतात. वर सेटिंगमध्ये प्रक्रियांची मर्यादा बेसुमार वाढवून ठेवली असेल तर आणखी वाईट. मेमरी संपते आणि डेटाबेसच बंद पडतो.

यावर मोठा सर्व्हर घेणं हा सगळ्यात महाग आणि सगळ्यात आळशी इलाज. निकालाचं, दरपत्रकाचं, सूचनेचं पान सगळ्यांना सारखंच दिसायचं असेल तर ते एकदा तयार करून साठवून ठेवावं आणि पुढच्या प्रत्येकाला ती साठवलेली प्रत द्यावी. यालाच कॅशिंग म्हणतात. इगोर सिसोएव्ह या रशियन अभियंत्यानं २००४ साली लोकांना खुला केलेला एन्जिन-एक्स हा मोफत सर्व्हर नेमका अशा गर्दीसाठी लिहिलेला आहे. साठवलेली पानं तो साध्या यंत्रावरही सेकंदाला हजारोंनी वाटतो. ज्याला खरोखर डेटाबेसपर्यंत जायचं आहे, म्हणजे ज्याला आपलं बिल पाहायचं किंवा भरायचं आहे, त्याच्यासाठी मग जागा मोकळी राहते. शिवाय एकाच पत्त्यावरून सेकंदाला किती मागण्या घ्यायच्या याची मर्यादा घालता येते. तीही फुकट. दोन ओळींचं काम.

आणि आधी सराव करावा. हजारो खोट्या मागण्या सोडून साइट किती ताण सोसते हे मोजणारी साधनंही मोफत मिळतात. २५ मार्चला मोजून उपयोग नाही, जानेवारीत मोजावं.

३. पाण्याचं वेळापत्रक चार केबीत मावतं.

हा मुद्दा मला सगळ्यात जवळचा आहे, म्हणून जरा लांबतो.

उजनीचं पाणी शंभर-एक किलोमीटर नळातून सोलापूरला येतं. वर्षानुवर्षं शहरातल्या नळांना ते रोज आलेलं नाही. चार-चार, पाच-पाच दिवस वाट पाहायची सवय इथल्या घरांना लागली आहे. अशा शहरात ‘आज आमच्या भागात पाणी आहे का आणि किती वाजता’ याइतकी गरजेची सार्वजनिक माहिती दुसरी नाही. विडी वळणारी किंवा यंत्रमागावर पाळी असलेली बाई त्यावर आपला दिवस आखते.

ही माहिती सरकारी साइटवर साधारण कशी चढते? कचेरीत पत्रक टाइप होतं. त्याची प्रिंट निघते, साहेबांची सही होते, शिक्का बसतो. तो कागद स्कॅन होतो आणि तीन एमबीची पीडीएफ साइटवर लागते. नेटवर्क बरं असेल तर ठीक. पण संध्याकाळी टॉवरवर गर्दी असताना एक एमबीपीएस मिळाला, तर ही फाइल उतरायला चोवीस सेकंद लागतात. त्याआधी साइटचं मुखपृष्ठ, त्यावरचे सरकणारे फोटो आणि ‘मा. आयुक्तांचा संदेश’ उतरायचा असतो तो वेगळाच. फाइल उघडल्यावर बोटांनी मोठी करून आपला प्रभाग शोधायचा. स्कॅन म्हणजे चित्र, त्यामुळे शोध घेता येत नाही. ज्याला दिसत नाही आणि जो फोनकडून वाचून घेतो, त्याला तर फोन काहीच वाचून दाखवत नाही. त्याच्यासाठी ते पान कोरं.

आता तीच माहिती साध्या मजकुरात लिहा. २६ प्रभाग, प्रत्येकी दोनशे अक्षरचिन्हं धरली तर ५,२०० झाली. युनिकोडच्या प्रचलित रचनेत देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे साडेपंधरा केबी. सर्व्हरवर जीझिप किंवा ब्रॉटली हे दाबण्याचं साधन चालू केलं की मजकूर पुष्कळ आक्रसतो; वारंवार तेच शब्द येणारा तक्ता तर फारच. चार-पाच केबी उरतात. तीन एमबीच्या जागी चार केबी! हे पान कुठल्याही फोनवर, कुठल्याही नेटवर्कवर पापणी लवायच्या आत उघडेल, आणि ते देताना सर्व्हरला घामही फुटणार नाही.

एक खोच आहे. वेळापत्रक रोज बदलतं, कधी लाइन फुटली की तासाभरात बदलतं. म्हणून या पानाची साठवलेली प्रत पाच मिनिटांपेक्षा जुनी दाखवू नये. उलट बोधचिन्ह, अक्षरसंच, रंगरूपाच्या फाइली वर्षभर बदलत नाहीत; त्या एकदा फोनवर उतरल्या की वर्षभर पुन्हा मागू नका असं ब्राउझरला सांगावं. कशाला किती मुदत द्यायची हे ठरवण्यात सगळी हुशारी आहे. सरसकट एकच मुदत लावली की एकतर शिळं वेळापत्रक दिसतं किंवा तोच लोगो रोज नव्यानं उतरतो.

आणि मजकूर असला की तो तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही देता येतो. पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या घरांना मराठी येतं हे खरं, पण आजीला वाचता येतंच असं नाही. चार भाषांच्या शहरात चार भाषांची पानं मिळून वीस केबी. सही-शिक्क्याची प्रत हवी त्यानं खालच्या दुव्यावरून घ्यावी, कोणाची हरकत नाही.

४. कुलपाची मुदत.

पत्त्याच्या पट्टीत कुलूप दिसण्यासाठी जे प्रमाणपत्र लागतं ते आता विकत घ्यायची गरज नाही; लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था २०१५ पासून ते फुकट देते. अडचण मुदतीची आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांनी मिळून ठरवलंय की कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ पासून १०० आणि २०२९ पासून फक्त ४७ दिवस. म्हणजे टिपण लिहून, मान्यता घेऊन, वर्षाला एकदा प्रमाणपत्र खरेदी करायची रीत मोडीत निघाली. नूतनीकरण यंत्रानंच आपोआप करायला हवं.

हे न केल्याचं नुकसान केवळ लाल पानापुरतं राहत नाही. ‘ही साइट सुरक्षित नाही’ असं पान आलं की काउंटरवरचा माणूस सांगतो, “ॲडव्हान्स्डवर दाबा, पुढे जा, काही होत नाही.” एकदा सरकारी कचेरीनं हे शिकवलं की नागरिक बँकेच्या खोट्या साइटवरही तेच करतो.

५. उघडी दारं.

सर्व्हरला हजारो दारं असतात, पण जगासाठी दोनच उघडी लागतात: ८० आणि ४४३. डेटाबेसचं ३३०६ नंबरचं दार इंटरनेटवरून दिसायचं कारण नाही. दुरून सर्व्हर चालवण्याचं २२ नंबरचं दार ठरावीक पत्त्यांपुरतं, आणि तेही पासवर्डऐवजी किल्लीच्या फाइलनं उघडणारं असावं. नवा सर्व्हर जोडला की काही मिनिटांत त्या दारावर परदेशातून टकटक सुरू होते. कोणी मुद्दाम सोलापूर निवडलेलं नसतं. यंत्रं सगळ्या जगाचे पत्ते ओळीनं चाचपत असतात. ‘आमच्याकडे चोरण्यासारखं काय आहे’ हे म्हणूनच फसवं आहे. त्यांना तुमचा डेटा नको असला तरी तुमचा पत्ता हवा असतो. २०२४ साली गोवा, कर्नाटक, तेलंगणसह अनेक राज्यांच्या गव्ह-डॉट-इन पत्त्यांखाली ऑनलाइन सट्ट्याकडे नेणारे दुवे सापडले. सरकारी पत्त्यावर गूगलचा विश्वास असतो. तो विश्वासच सट्टेवाल्यांनी वापरला. बहुतेक वेळा वाट सापडते ती फाइल चढवायच्या सोयीतून. नागरिक अर्जासोबत फोटो जोडतो त्या फोल्डरमध्ये प्रोग्राम चालू शकत असेल, तर कोणीही फोटोच्या नावानं प्रोग्राम चढवतो. त्या फोल्डरमध्ये काहीही चालणार नाही, एवढी एक सूचना सर्व्हरला द्यायची असते.

दुसरा दोष पाहायला तर संगणकाचं ज्ञानही लागत नाही. पावती उघडली की पत्त्याच्या शेवटी तिचा क्रमांक दिसतो. शेवटचा आकडा बदलून पाहा. शेजाऱ्याची पावती उघडली, त्याचं नाव, पत्ता, मोबाइल दिसला, तर ती साइट नापास. मी एका पतसंस्थेच्या साइटवर हे पाहिलंय. सांगितल्यावर उत्तर आलं की असं कोण कशाला करेल! वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा केंद्रीय कायदा वाजवी खबरदारी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगतो. पतसंस्थेच्या संचालकांनी हा आकडा वार्षिक सभेच्या आधी एकदा मोठ्यानं वाचावा.

६. बॅकअप आहे म्हणजे काय?

फेब्रुवारी २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या सर्व्हरवर हल्ला झाला. डेटा कुलूपबंद करून बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली गेली आणि निगडी पोलिसांकडे तक्रार झाली. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सची पाळी आली. पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टीबी डेटा. देशातल्या सगळ्यात मोठ्या रुग्णालयात केसपेपर पुन्हा हातानं लिहायची वेळ आली. सरकारनं संसदेत कारण सांगितलं ते असं की नेटवर्कचे भाग एकमेकांपासून नीट वेगळे केलेले नव्हते. म्हणजे एका खोलीला लागलेली आग घरभर पसरायला वाट होती.

एम्स सावरलं ते दुसरीकडे जपलेल्या प्रतीमुळे. म्हणून बॅकअपबद्दल विचारताना ‘आहे का’ असं विचारू नये. उत्तर कायम ‘हो’ असंच येतं. तो त्याच सर्व्हरला जोडलेला आहे का, आणि त्यावरून साइट पुन्हा उभी करून शेवटचं कधी पाहिलं, हे विचारावं. बहुतेक ठिकाणी दुसऱ्या प्रश्नाला शांतता पसरते.

७. सहा तास.

सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावं लागतं आणि सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. लक्षात यायला मुळात कोणीतरी पाहत असायला हवं, हे आदेशात लिहायची गरज त्यांना वाटली नसावी.

८. ‘क्लाउडवर टाकलं की झालं’ आणि ‘माणसं कुठून आणायची’.

हे दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिल्याला उत्तर सोपं आहे. क्लाउड म्हणजे भाड्याचं घर. भिंती मालकाच्या, पण दार लावायचं ते भाडेकरूनंच. मुदत संपलेली पीएचपी क्लाउडवर नेली तरी मुदत संपलेलीच राहते.

दुसरा आक्षेप खरा आहे, आणि त्यावर माझं मत काहींना आवडणार नाही. ज्या संस्थेला सर्व्हर सांभाळायला माणूस ठेवणं परवडत नाही, तिनं स्वतःचा सर्व्हर ठेवू नये. निव्वळ माहिती देणाऱ्या सरकारी साइटसाठी केंद्र सरकारच्या एनआयसी या माहिती-तंत्रज्ञान संस्थेनं एस-थ्री-वास नावाची तयार व्यवस्था उभी केली आहे. सोलापूर जिल्हा प्रशासनाची साइट तिच्यावरच आहे. दुरुस्त्या, प्रमाणपत्र, गर्दी यांची काळजी तिकडून घेतली जाते. माहितीची सगळी पानं तिकडे न्यावीत. ज्यात पैसे आणि नोंदी आहेत तेवढाच भाग आपल्याकडे ठेवावा आणि त्याला पूर्णवेळ जबाबदार माणूस द्यावा. ठेकेदाराचा मुलगा सवडीनं पाहील, असं नको.

माणसांची उणीव सोलापुरात नाही. वालचंदमधून, अहिल्यादेवी होळकर विद्यापीठातून दरवर्षी पोरं शिकून बाहेर पडतात आणि हुतात्मा एक्स्प्रेसनं पुणं गाठतात. तिथे ती इतर शहरांचे, इतर देशांचे सर्व्हर सांभाळतात. त्यातल्या दोघांना बाजारभावानं पगार देऊन गावात ठेवणं महापालिकेला जड नाही. जड आहे ते आकृतिबंधात असं पद निर्माण करणं. १०२ जागांच्या सभागृहातल्या कोणीही हा ठराव मांडला तर त्याचा प्रभाग मी विचारणार नाही.

९. विचारायचं काय.

माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ म्हणतं की पुष्कळ माहिती न मागता जाहीर करावी. नसेल तर दहा रुपये शुल्क आणि एक अर्ज. महाराष्ट्राच्या नियमांनुसार तो एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांत असावा लागतो, आणि तेवढे शब्द इथे पुरतात. सॉफ्टवेअरची आवृत्ती मात्र विचारू नका. ती उघड करणं धोक्याचं आहे, आणि सुरक्षेचं कारण देऊन अख्खा अर्ज फेटाळायला निमित्त मिळतं. तारखा आणि रकमा विचाराव्यात.

सर्ट-इनच्या यादीतल्या लेखापरीक्षकाकडून शेवटचं सुरक्षा परीक्षण कोणत्या तारखेला झालं, आणि त्यातल्या त्रुटी दूर झाल्याचा दाखला कोणत्या तारखेचा? बॅकअपवरून साइट उभी करून पाहण्याची शेवटची चाचणी कधी झाली? मागच्या मार्चमध्ये साइट एकूण किती तास बंद होती? चालू वर्षात सर्व्हरच्या देखभालीसाठी किती तरतूद होती आणि किती खर्च झाला? देखभालीची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याचं पदनाम काय? अर्ज देताना पोचपावती घ्यायची आणि तीस दिवस मोजायचे.